वर्गातील डिजिटल सौजन्य: 'कॉमन सेन्स एज्युकेशन'च्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

तंत्रज्ञान वापरताना सुरक्षित कसे राहावे, हे मुलांना शिकवणारे साहित्य आज मुबलक आहे. पासवर्ड कोणाला सांगू नये, अनोळखी दुवा उघडू नये, घरचा पत्ता जगजाहीर करू नये, या सूचना बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. पडद्यापलीकडे बसलेल्या माणसाशी नीट कसे वागावे, हे शिकवणारे साहित्य शोधू लागले की मात्र पर्याय भराभर कमी होतात, आणि उरलेल्यांपैकी बरेचसे 'सर्वांशी प्रेमाने वागा' अशा फलकापाशी येऊन थांबतात. म्हणूनच 'कॉमन सेन्स एज्युकेशन' या संस्थेचा डिजिटल सिटिझनशिपचा, म्हणजे डिजिटल जगात जबाबदारीने वागण्याचा, विनामूल्य अभ्यासक्रम मी वर्गात वापरून पाहिला. त्याचे सहा विषय आहेत. येथे मी त्यांपैकी परस्परसंबंध व संवाद आणि सायबर छळ या दोनच विषयांविषयी लिहीत आहे, कारण सौजन्याचा प्रश्न प्रामुख्याने तेथेच येतो आणि उरलेल्या चार विषयांवर चांगले साहित्य इतरत्रही मिळते.

'कॉमन सेन्स मीडिया' ही २००३ साली अमेरिकेत स्थापन झालेली ना-नफा संस्था असून 'कॉमन सेन्स एज्युकेशन' हा तिचा शिक्षणविषयक विभाग आहे. अभ्यासक्रमाची आखणी हार्वर्ड विद्यापीठातील 'प्रोजेक्ट झीरो' या संशोधनगटाच्या सहकार्याने झालेली आहे. नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने १९६७ साली कलाशिक्षणाचा अभ्यास करण्यासाठी हा गट सुरू केला होता, ही माहिती वरवर पाहता या परीक्षणात अनावश्यक वाटेल. परंतु चित्रासमोर उभे राहून 'मला काय दिसते, मला काय वाटते, मला काय प्रश्न पडतो' असे टप्प्याटप्प्याने विचारण्याची या गटाची जी जुनी पद्धत आहे, तीच येथे एखाद्या बोचऱ्या संदेशाला लावलेली आहे, आणि अभ्यासक्रमाचे खरे बळ त्यातच आहे.

माझ्यासमोर आहे ती २०१९ साली सुधारलेली मांडणी. ती बालवर्गापासून बारावीपर्यंत जाते आणि तिसरीपासून पुढे प्रत्येक इयत्तेत प्रत्येक विषयाचा एकेक पाठ येतो. पाठासोबत शिक्षकासाठी टाचण, स्लाइड, विद्यार्थ्याने भरायचा कागद, छोटी चाचणी आणि घरी पाठवायचे साहित्य मिळते. त्यासाठी विनामूल्य खाते उघडावे लागते, एवढीच अट आहे. एका तासिकेत एक पाठ बसतो असे टाचणावरून वाटते, पण चर्चा खरोखर रंगू दिली तर दोन तासिका धराव्यात.

दोन्ही विषयांचा गाभा म्हणजे 'फीलिंग्ज अँड ऑप्शन्स' नावाची चार पायऱ्यांची पद्धत. समोर ठेवलेल्या प्रसंगात अडचण नेमकी काय आहे आणि ती कोणाकोणाची आहे, हे आधी ओळखायचे. मग त्यातील प्रत्येकाला काय वाटत असेल याचा विचार करायचा. त्यानंतर करता येण्याजोग्या गोष्टींची कल्पना करायची, मग त्या कितीही अव्यवहार्य असोत. आणि शेवटी जे करायचे ठरले ते प्रत्यक्ष कोणत्या शब्दांत म्हणायचे ते लिहायचे. कागदावर ही पद्धत अगदी साधी, जवळजवळ बाळबोध दिसते. वर्गात ती वापरल्यावर तिचा हिशेब किती बारकाईने केलेला आहे ते कळते.

अभ्यासक्रमातील प्रसंगांऐवजी मी आमच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा एक प्रसंग रचून दिला. वर्गाच्या ऑनलाइन गटावर एका मुलीने उद्याच्या प्रकल्पाविषयी प्रश्न विचारला, जो त्याआधी इतरांनी विचारून झालेला होता. एकाने उत्तरादाखल डोळे फिरवणारा चेहरा टाकला, त्या चेहऱ्यावर बऱ्याच जणांनी हसरे चेहरे डकवले आणि मुलीने पुढे काहीच लिहिले नाही. अडचण कोणाची, असे विचारल्यावर विद्यार्थ्यांनी दोनच माणसे मोजली: ती मुलगी आणि तो मुलगा. हसरे चेहरे टाकणाऱ्यांना कोणी हिशेबातच धरले नव्हते. ते कोठे गेले, असे विचारताच एक विद्यार्थी तत्काळ म्हणाला, "पण बाई, त्यांनी तर काहीच लिहिलं नाही, नुसतं हसले." त्यावर दुसऱ्या बाकावरून प्रश्न आला की, हसू एकाचेच असते तर तिला इतके लागले असते का. पुढची दहा मिनिटे मला बोलावे लागले नाही.

दुसऱ्या पायरीवर आणखी एक चांगली गोष्ट घडली. बहुतेकांनी त्या मुलीला वाईट वाटले असेल, राग आला असेल, लाज वाटली असेल असे लिहिले. एका विद्यार्थिनीने मात्र आक्षेप घेतला की ती जेवायला गेली असेल, तिने पाहिलेही नसेल. हा आक्षेप बरोबर होता आणि टाचणात त्याची तयारी नव्हती. समोरासमोर बोलताना चेहरा पाहून आपण सावरतो, जीभ चावतो, विषय बदलतो. पडद्यावरील शांततेचा अर्थ मात्र कोणालाच लावता येत नाही, आणि म्हणूनच तेथे जरा अधिक सांभाळून वागावे लागते, हा मुद्दा त्या आक्षेपातून वर्गाने स्वतः काढला.

चौथी पायरी सर्वांत अवघड ठरली. 'तू काय म्हणशील ते लिही' असे सांगितल्यावर पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येकाने छोटेखानी प्रवचन लिहिले: असे वागणे चुकीचे आहे, कोणाच्या भावना दुखावू नयेत, आपण सर्व मित्र आहोत. ही वाक्ये मोठ्याने वाचून दाखवताना वाचणाऱ्यालाच हसू आवरेना, कारण कोणतेही मूल आपल्या मित्रांच्या गटावर असे बोलत नाही. दुसऱ्या फेरीत एकाने लिहिले, "पान बेचाळीस बघ. मलाही आधी सापडलं नव्हतं." सर्व वर्गाने हे उत्तर मान्य केले. त्यात कोणाला सुनावलेले नव्हते, हसणाऱ्यांचा उल्लेखही नव्हता. प्रश्न विचारणारीला उत्तर मिळत होते आणि ती एकटी पडत नव्हती. सौजन्य शिकवता येते की नाही, याविषयी मला नेहमीच थोडी शंका असते, परंतु वापरता येईल असे वाक्य घडवण्याचा सराव देता येतो, हे या पायरीमुळे मान्य करावे लागते.

तिसरीचा 'द पॉवर ऑफ वर्ड्स' हा पाठ याच पद्धतीवर उभा आहे आणि या वयासाठी मला तो सर्वांत जमलेला वाटतो. कोणी दुखावणारी भाषा वापरली तर काय करावे, हा त्याचा प्रश्न. चौथीच्या 'कीपिंग गेम्स फन अँड फ्रेंडली' या पाठात ऑनलाइन खेळताना स्वतः आनंद घ्यावा आणि इतरांचाही टिकवावा, असा विषय येतो. तो पाठ वर्गात हमखास रंगतो, कारण खेळात हरल्यावर तोंडातून काय निघते हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि शाळेत त्यावर मोकळेपणाने बोलण्याची संधी सहसा मिळत नाही. सहावीचा 'डिजिटल ड्रामा अनप्लग्ड' हा पाठ भांडण वाढू न देता ते विझवायचे कसे, यावर आहे. भांडणात कोणाचे चुकले हे ठरवण्यात वेळ न घालवणारे शालेय साहित्य मी फार थोडे पाहिले आहे.

लहान मुलांसाठीच्या 'पॉज फॉर पीपल' या पाठाचा वेगळा उल्लेख करायला हवा. थांबणे, श्वास घेणे आणि हातातले आटोपते घेणे, अशा तीन कृती तेथे शिकवल्या जातात. पाठाचा रोख उपकरण बाजूला ठेवता येण्यावर आहे, पण शीर्षकात म्हटल्याप्रमाणे ते माणसांसाठी बाजूला ठेवायचे आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 'डोळे बिघडतील' किंवा 'अभ्यास राहील' ही कारणे मुलाच्या स्वतःच्या हिताची असतात. समोर कोणी बोलत असताना पडद्यावरून मान वर करणे हे दुसऱ्याच्या मानासाठी असते. एवढ्या लहान वयात हा फरक पाठात आणलेला आहे, आणि तोही भाषण न देता. वर्गातील मोठ्या माणसाने मात्र तास चालू असताना स्वतःचा फोन पाहिला, तर हा पाठ न घेतलेला बरा.

याच क्षेत्रातील दुसरे परिचित साहित्य म्हणजे गूगलने २०१७ साली आणलेला 'बी इंटरनेट ऑसम' हा उपक्रम आणि त्यातील 'इंटरलँड' हा खेळ. 'काइंड किंगडम' या त्याच्या भागात खिन्न पात्रांपर्यंत सद्भाव पोहोचवायचा आणि त्रास देणाऱ्यांना ब्लॉक व रिपोर्ट करायचे असते. खेळ देखणा आहे, ब्राउझरमध्ये चालतो, त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि मुले तो आवडीने खेळतात. ब्लॉक आणि रिपोर्ट ही दोन बटणे वापरायला संकोच करू नये, एवढे तो नक्कीच शिकवतो. अडचण अशी की खेळात त्रास देणारा कोण आणि सोसणारा कोण, हे मांडणीतच ठरलेले असते. वर्गाच्या गटावर तसे नसते. आज सोसणारा उद्या हसरा चेहरा डकवणारा असतो, आणि बहुतेक दुखावणारे संदेश दुष्ट पात्रे लिहीत नाहीत, कंटाळलेली किंवा मित्रांना हसवू पाहणारी मुले लिहितात. दुसऱ्याचा विचार करायला जो वेळ लागतो तोच गुणांच्या शर्यतीत वाया गेलेला वेळ ठरतो, म्हणून कोणताही वेगवान खेळ हे काम करू शकेल असे मला वाटत नाही. न्यायाने सांगायचे तर गूगलच्या उपक्रमातही वर्गात घ्यायचे पाठ आहेत आणि ते खेळापेक्षा बरेच चांगले आहेत.

'कॉमन सेन्स'च्या पाठांत मला जाणवलेली पहिली उणीव मोठ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भातील आहे. पडद्यावर माणसे अधिक बेफिकीर का होतात, हे त्यांना कारणांसह सांगायला हवे. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात याची सहा कारणे मांडली होती. आपण कोण हे समोरच्याला कळत नाही, आपण दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, समोरच्याचा आवाज आपल्याच डोक्यात उमटल्यासारखा वाटतो, हे सारे खेळातलेच आहे असे भासते आणि अधिकाराचा धाक उरत नाही, अशी ती कारणे आहेत. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना ही यादी देऊन 'यातले आपल्या गटाला कोणते लागू पडते' असे विचारले की फार चांगली चर्चा होते. विशेषतः पहिले कारण आपल्याला लागू पडत नाही, कारण गटावर सर्व जण एकमेकांना ओळखतात, हे मुले पटकन दाखवून देतात. तरीही तेथे लोक असे का वागतात, हा पुढचा प्रश्न मग त्यांचा स्वतःचा असतो. या चर्चेसाठी मी एक तासिका स्वतंत्र ठेवते.

याच तासिकेत मी आणखी एक जुना दस्तऐवज वाचून दाखवते. आर.एफ.सी. १८५५ या नावाने ओळखली जाणारी नेटवरील शिष्टाचाराची मार्गदर्शिका ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. रागाच्या भरात लिहिलेले उत्तर रात्रभर थांबून पाठवावे, वाचणारा माणूस आहे आणि त्याची भाषा, संस्कृती व विनोदाची जाण आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, इंग्रजीत सगळी अक्षरे मोठी लिहिली तर ती ओरडल्यासारखी वाटतात, असे सल्ले त्यात आहेत. आपल्या जन्माच्या कितीतरी आधी लोकांना हाच त्रास होता, हे समजल्यावर 'आजची पिढीच बिघडलेली' हा सूर ऐकून कंटाळलेल्या मुलांना हायसे वाटते आणि ती जरा मोकळी होतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सायबर छळाच्या पाठांचा भर बघ्यावर आहे: आपल्यासमोर कोणाला त्रास दिला जात असेल तर गप्प न बसता त्याच्या बाजूने कसे उभे राहावे. हे आवश्यकच आहे, परंतु त्यामुळे प्रत्येक विद्यार्थी स्वतःला मदत करणाऱ्याच्या जागी पाहत पाठ संपवतो. दुखावणारा संदेश आपणच लिहिला असेल तर पुढे काय, यासाठी राखलेली जागा मला अपुरी वाटली. संदेश काढून टाकणे पुरेसे आहे का, स्क्रीनशॉट इतरांकडे गेला असेल तर कोणाकोणाशी बोलावे, क्षमा गटावर मागावी की एकट्यापाशी, 'मी गंमत केली' हे वाक्य क्षमेत बसते का, या प्रश्नांवर मुलांना खूप बोलायचे असते. चार पायऱ्यांची पद्धत येथेही चालते. फक्त विद्यार्थ्याला लिहिणाऱ्याच्या जागी उभे करावे लागते, आणि ते काम शिक्षकाने स्वतः करायचे आहे.

छायाचित्रांच्या बाबतीतही शिक्षकाला भर घालावी लागते. चौथीच्या पाठात आपल्या आणि इतरांच्या डिजिटल पाऊलखुणांचा, म्हणजे नेटवर मागे उरणाऱ्या नोंदींचा, विषय येतो, पण रोजच्या व्यवहारातील प्रश्न त्याहून लहान आणि अधिक चिवट असतो: मैत्रिणीचा डुलकी घेतानाचा फोटो गटावर टाकण्याआधी तिला विचारायचे की नाही, ती 'चालेल' म्हणाली पण मनातून नको म्हणत होती हे ओळखायचे कसे, शिक्षकांचे बोलणे चोरून रेकॉर्ड करून त्यावर संगीत लावणे हा विनोद आहे की अपमान. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या बनावट छायाचित्रांचा विचार २०१९च्या मांडणीत असणे अपेक्षितही नव्हते. संस्थेने त्यानंतर सहावी ते बारावीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील छोटे पाठ आणले आहेत, मात्र वर्गमित्राचा चेहरा वापरून केलेली 'गंमत' हा विषय मी छळाच्या पाठाला जोडूनच घेते, कारण तो तंत्रज्ञानापेक्षा वागणुकीचा अधिक आहे.

ज्यांच्या वर्गाची भाषा इंग्रजी नाही त्यांनी परवान्याकडे लक्ष द्यावे. श्रेय देऊन, विनाव्यापारी उपयोगासाठी पाठ जसेच्या तसे वाटण्यास क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने मुभा आहे, परंतु त्यात बदल करून नवी आवृत्ती वाटण्यास नाही, आणि भाषांतर हा बदलच धरला जातो. संस्थेची अडचण समजण्याजोगी आहे. साहित्याची मोडतोड होऊन त्यांच्या नावावर भलतेच काही फिरू नये, असे त्यांना वाटत असणार. तरीही, ज्या अभ्यासक्रमाचा विषयच समोरच्याच्या भाषेचा आणि संदर्भांचा आदर हा आहे, त्याने बदलाला थोडी अधिक जागा ठेवायला हवी होती. मी पद्धत तेवढी घेते, प्रसंग आमच्या भाषेत नव्याने रचते आणि मूळ स्लाइड फक्त माझ्या तयारीसाठी पाहते. चार पायऱ्या तोंडी समजावून सांगायला दोन मिनिटे लागतात.

पाठाच्या शेवटी येणारी बहुपर्यायी चाचणी मी घेत नाही. योग्य उत्तर शोधण्यात मुले तरबेज असतात, आणि 'विश्वासातील मोठ्या माणसाला सांगेन' असा पर्याय दिसला की प्रश्न न वाचताही त्यावर खूण होते. घरी पाठवायचे साहित्य मात्र जरूर पाठवावे, विशेषतः ज्या घरांत मुलांचे फोटो त्यांना न विचारता नातेवाइकांच्या गटांवर जातात, तेथे तर अगत्याने.

नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकाने सहाही विषय क्रमाने घेण्याच्या फंदात पडू नये. लहान वर्गात 'पॉज फॉर पीपल', मधल्या वर्गात 'द पॉवर ऑफ वर्ड्स' आणि खेळांवरील पाठ, सहावीपासून पुढे 'डिजिटल ड्रामा अनप्लग्ड' एवढ्यावर एक सत्र सहज जाते. चार पायऱ्या मुलांच्या अंगवळणी पडल्या की वर्गात खरोखर घडलेला प्रसंगही त्याच पद्धतीने हाताळता येतो, फक्त तो ताजा असताना नव्हे आणि संबंधित मुलांची नावे घेऊनही नव्हे. चाचणीच्या जागी मी एक काम देते: स्वतःच्या जुन्या संदेशांपैकी आज लिहिताना वेगळा लिहिला असता असा एक निवडायचा आणि वहीत नव्याने लिहायचा. मूळ संदेश मी पाहत नाही आणि कोणाला दाखवायलाही सांगत नाही. दाखवावा लागणार असे कळले की मुले हमखास निरुपद्रवी संदेश निवडतात, आणि मग त्या कामाला काही अर्थ राहत नाही.